फॉल न लावलेल्या साड्या

१९ जानेवारी, रविवार. जेवणं झाली, ओटा पुसला, आणि साडीला फॉल लावायला बसले आहे. फॉल कालच पाण्यातून काढून वाळवला आणि इस्त्री केला. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीचा काठ गोळा होतो. आमच्या गल्लीच्या तोंडालाच फॉल-पिको करून देणारी बाई आहे. पण ही साडी मला कुणाच्या हातात द्यायची नव्हती. वांगी रंगाची आहे, बारीक जरीचा काठ. नोव्हेंबरात तूच दिलीस. हा रंग मला अजिबात शोभत नाही, हे तुला पक्कं माहीत होतं.

थोडे टाके घालते, थोडं लिहिते. दोन्ही कामं आज संपवायची आहेत, कारण उद्या सकाळी मला एका बाईला उत्तर द्यायचं आहे आणि ते उत्तर या साडीत अडकलं आहे.

नसीम, तुला जाऊन तीन आठवडे होत आले. माणूस गेलं की त्याचा हेवाही वाटेनासा होतो, असा माझा समज होता. गेलेल्या माणसाचा हेवा करून मिळणार काय? पण तुझा वाटतो. माधवनगरला तुझ्या घरी तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला आले तेव्हा तर फारच वाटला. अंगण बायकांनी भरलं होतं. प्राध्यापक मंडळी फाटकाजवळ उभी, आणि आत आष्ट्याच्या, सांगलीच्या, पार कोरेगावकडच्या बायका. कुणी शेतकऱ्याच्या घरची, कुणी बांगड्या विकणारी, कुणी फौजेतल्या नवऱ्याची. त्यांना तू पेपर लिहितेस हे माहीत नव्हतं. तू त्यांच्या घरी जाऊन कपाटं उघडायला लावायचीस, एवढंच माहीत होतं. एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "तुमी त्या आकडेवाल्या मॅडम व्हय? लय सांगायची तुमचं." मी मान हलवली. म्हणजे तुझ्या गोष्टींत मी आकडेवाली होते. मी मेले तर कोणत्या अनोळखी म्हातारीच्या तोंडी तुझं नाव येईल, याचा मी परतीच्या गाडीत विचार केला. कुणाच्याच नाही. माझ्या गोष्टी कुणी ऐकतच नाही, मी सांगतही नाही.

तुझ्या विभागातून फोन आला होता, स्मरणिकेसाठी लिहा म्हणून. जन्म, शिक्षण, पुरस्कार. ते दुसरं कुणीतरी लिहील. त्यांना लिहायला सोपं जाईल, कारण तुझ्याशी ते कधी भांडले नाहीत.

आपण एकाच वर्षी संशोधनाला लागलो. विषयही शेजारशेजारचे. मी साताऱ्यातल्या साडीच्या दुकानांतलं ग्राहक समाधान घेतलं, तू सांगलीतल्या साडीखरेदीचे निर्णय. मी प्रश्नावली केली. पाच पर्याय, अत्यंत समाधानी ते अत्यंत असमाधानी. बायका पिशवी पायाशी ठेवून घाईघाईने 'अत्यंत समाधानी'वर खूण करायच्या आणि निघायच्या. बऱ्याचदा नवराच पेन हातात घ्यायचा. तू मात्र आष्ट्याला वडिलांच्या दुकानात गादीवर जाऊन बसलीस. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली सगळी वऱ्हाडं तू तिथं बसून पाहिलीस, चहा सांगितलास, पोरं सांभाळलीस. मी तुला म्हटलं होतं, हे संशोधन नव्हे, हे बापाचं दुकान आहे. तू म्हणालीस, "तुझा बाप फौजेत होता यात माझी काय चूक?" त्या वेळी मी हसले. पण मनात नोंदवून ठेवलं: हिच्याकडे दुकान आहे, माझ्याकडे नाही.

खरं तर दुकानाचं निमित्त होतं. तुला जे दिसलं ते दुकानात नव्हतंच, प्रत्येक घरात होतं. माझ्याही.

आपल्याकडे लग्न असो, घरभरणी असो, डोहाळजेवण असो, साड्या द्यायच्या आणि घ्यायच्या. मिळालेली साडी आवडली तर बाई तिला फॉल लावते. नाही आवडली तर घडी न मोडता खालच्या खणात ठेवून देते; कुणाच्या तरी कार्याला उपयोगी पडते. फॉल लागला की साडी आपली झाली. फॉल लागला नाही तोवर ती प्रवासात आहे. ही गोष्ट इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. मी संशोधन करत होते तेव्हा माझ्या खालच्या खणात अशा साड्यांचा गठ्ठा होता. आणि मी रोज सकाळी त्याच कपाटातून वरची साडी काढून, नेसून, ग्राहकाच्या मनात काय आहे ते शोधायला बाहेर पडत होते. माझ्या हेव्याचं मूळ हे आहे. तू हुशार होतीस याचा हेवा नाही. हुशार पुष्कळ असतात. माझ्या कपाटातली गोष्ट तुला दिसली, याचा आहे.

"तू जिला विचारतेस ती साडी विकत घेते," तू म्हणायचीस. "नेसणारी वेगळीच असते. तिला कुणीच विचारत नाही."

मग तुझं ते दोऱ्याचं खूळ निघालं. तुझा भाऊ रफीक तोवर दुकान बघायला लागला होता. त्याच्याकडून साड्या घ्यायच्या, आतल्या टोकाशी, खालच्या काठाला पिवळ्या दोऱ्याची एक बारीक गाठ मारायची, आणि आमंत्रण येईल तिथं आहेर म्हणून द्यायच्या. आमंत्रणं तुला सगळीकडून यायची. मराठ्यांची लग्नं, मोमिनांचे निकाह, शिक्षकांच्या घरभरण्या. (मलाही येतात. पत्रिका पोस्टाने येते. तुला बायका घरी येऊन सांगायच्या.) वर्ष-दोन वर्षांनी तू पुन्हा त्या गावांत जायचीस, कुणाच्या ओसरीवर बसायचीस आणि सहज विचारायचीस, फॉल न लावलेल्या साड्या दाखवता का जरा? आणि त्या दाखवायच्या. मी विचारलं असतं तर दाराआडूनच परत पाठवलं असतं मला.

अशा रीतीने तुला कळलं की साडी उतारावर चालते. जाऊबाईकडून नणंदेकडे, नणंदेकडून शेजारणीकडे, शेजारणीकडून घरकामाला येणाऱ्या मावशीकडे. मावशी तिला फॉल लावते आणि नेसते, कारण तिला ती नेसायला हवी असते. दुकानदार जिला गिऱ्हाईक समजून थंड पेय पाजतो तिचा त्या साडीच्या नशिबाशी काही संबंध नसतो. तुझं हे म्हणणं मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सांगलीच्या स्टँडवर उभी होते आणि माझी गाडी लागली होती. मी गाडी सोडून दिली. ते तुला कधी सांगितलं नाही. तुला म्हटलं ते एवढंच, की हा नमुना नव्हे, हा किस्सा आहे.

आणि मग तुझी घरभरणी आली.

माधवनगरचं नवं घर, दारात मांडव. मी खालच्या खणातली एक साडी आणली होती, शेवाळी रंगाची, चांगल्या पिशवीत घालून. नणंदेनं दिलेली. तू पिशवीतून साडी काढलीस, सवयीने आतला काठ उलटलास, आणि तशीच पायरीवर बसून हसायला लागलीस. बायका गोळा झाल्या.

"आलं गं बाई माझं लेकरू घरी," तू म्हणालीस. "वैजू, खरं सांग, कुणी दिलेली?"

"विकत घेतली आहे," मी म्हटलं.

"व्हय की. मीच घेतली होती. रफीकच्या दुकानात."

रफीक बिर्याणीच्या पातेल्याजवळ उभा होता. तो तिथूनच म्हणाला, "मॅडम, त्या साडीनं लय गावं बघितली. बसू द्या आता तिला." सगळा मांडव हसला. तू ती साडी कोरेगावच्या एका लग्नात दिली होतीस; तिथून नणंद, नणंदेकडून मी, माझ्याकडून तू. उतारावर चालणारी साडी पुन्हा वर आली होती आणि ती मी आणली होती. तुझा सिद्धान्त एका ठिकाणी चुकला याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बिर्याणी मात्र चांगली होती, मी पोटभर जेवले.

हे तिथं संपलं असतं. पण साताऱ्याच्या चर्चासत्रात, माझ्याच महाविद्यालयात, माझ्याच सहकाऱ्यांसमोर तू ते सांगितलंस. 'एक सुशिक्षित प्राध्यापिका' म्हणालीस. नाव घेतलं नाहीस, पण माझ्याकडे न बघण्याची तू इतकी काळजी घेतलीस की सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. मग हात वर केला आणि विचारलं, या बायकांची संमती घेतली होती का?

तू पाणी प्यायलीस. "नाही," म्हणालीस. "घेतली असती तर त्या जपून वागल्या असत्या. मग आपल्याला त्यांच्याबद्दल काही कळलं नसतं. जसं तुम्हाला प्रश्नावलीतून कळत नाही."

'तुम्हाला'. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

या बाबतीत तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. तुझं उत्तर मला पाठ आहे: साडी मी दिलेली, दोरा मी घातलेला, यात कुणाचं काय गेलं? माझं उत्तर तू कधी नीट ऐकलं नाहीस, ते आता ऐक. दिली म्हणजे दिली. दिल्यावर ती कुठं जाते हे बघायला मागे दोरा ठेवला, तर ती दिलेली नसते, सोडलेली असते. जनावराच्या गळ्यात घंटा बांधून सोडतात तशी. घेणाऱ्या बाईला वाटतं, आपला मान केला. आणि देणारी मनात म्हणते, बघू या, ही काय करते. नसीम, हे बरं नव्हे. तुझ्या संशोधनाला सगळीकडे टाळ्या मिळाल्या म्हणून ते बरं झालं नाही.

त्यानंतर आपण बोलत नव्हतो. मग तुझाच फोन आला. आवाजात काही नाही, सरळ कामाचं. "वैजू, या सारण्या मला जुळत नाहीत." तुला खरंच जुळायच्या नाहीत. एवढी मोठी संशोधक, पण टक्केवारीची बेरीज शंभर आली की तुला स्वतःलाच आश्चर्य वाटायचं. मी करून दिल्या. त्या वर्षी आणि पुढच्या प्रत्येक वर्षी. तुझ्या पेपरांतली एकूण एक सारणी माझ्या हातची आहे. तळटीपेत माझे आभार असायचे. तळटीप बारीक टाइपात असते.

एकदा तू विचारलं होतंस, सहलेखक म्हणून नाव देऊ का? मी नको म्हटलं. पद्धत मान्य नाही, तर नाव कसं देऊ? तू बरं म्हणालीस आणि विषय संपवलास. आता लिहायला हरकत नाही: मला वाटलं होतं तू पुन्हा विचारशील. आपल्याकडे जेवताना भातसुद्धा तीनदा विचारतात. पहिलं नको हे नको नसतंच. सगळ्या जिल्ह्याच्या बायकांच्या मनातलं ओळखणारी तू, माझं पहिलंच नको खरं धरून बसलीस. इथं बरी तुला संमती आठवली.

नोव्हेंबरात आले तेव्हा तू खाटेवर उशीला टेकून बसली होतीस. मी कोरेगावचा घेवडा आणला होता. तू म्हणालीस, बरं झालं, पेढे आणले नाहीस, साताऱ्याहून येणारा प्रत्येक माणूस पेढे आणतो आणि मला गोड बंद आहे. तुझे मिस्टर चहा ठेवून गेले. आजाराबद्दल तू काही बोलली नाहीस. माझ्या नव्या प्रश्नावलीची चौकशी केलीस आणि तिसरा प्रश्न काढून टाक म्हणालीस. मी म्हटलं, काढणार नाही. (काढला. तो निरुपयोगीच होता.) निघताना तू उशीखालून रफीकच्या दुकानाची पिशवी काढलीस.

"घे."

"मला कशाला?"

"घे गं."

"रंग बघ हा. मी असला नेसत नाही."

"वैजू, घे म्हणते ना."

तीनदा. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी फाटकाबाहेर होते.

साताऱ्याला पोचले, चपला काढल्या, आणि पहिली ती साडी पिशवीतून काढली. आतलं टोक शोधलं, काठ उलटला. पिवळा दोरा.

मी ती गोळा करून कपाटावर टाकली. घडीसुद्धा केली नाही. तुला माहीत आहे, मी अंगपुसणंही घडी करून ठेवते. त्यानंतर तुला दोनदा फोन केला. औषधाचं बोललो, सारण्यांचं बोललो. विचारायचं होतं ते एवढंच: ही भेट आहे की प्रयोग? प्रत्येक वेळी वाटलं, पुढच्या वेळी विचारू. आजारी माणसाशी कशाला भांडायचं? मग पुढची वेळ आलीच नाही.

काल शनिवारी प्रज्ञा आली. तुझी विद्यार्थिनी, कोरेगावला ज्युनियर कॉलेजात शिकवते, घरचं करून, मुलांचं करून तुझ्याकडे संशोधन करत होती. तू गेल्यावर तिचं मार्गदर्शन कराल का, असं विद्यापीठाने मला विचारलं आहे. मी हो म्हटलं तर तिचं काम पुढे चालू राहील, नाही म्हटलं तर तिला दुसरा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि तिची भीती वेगळीच. मी हो म्हणेन आणि प्रबंधातलं पिवळ्या दोऱ्याच्या साड्यांचं प्रकरण काढायला लावेन, ही. चर्चासत्राला ती मागच्या रांगेत बसली होती.

चहा थंड झाला तरी तिने कपाला हात लावला नाही. बाकीचं सगळं मी म्हणेन तसं बदलायला ती तयार होती. "तेवढं प्रकरण ठेवा, मॅडम," ती म्हणाली. "त्यासाठी मी दारोदार हिंडलेय. सासूबाई म्हणायच्या, ही शिकायला जाते की बोहारणीचा धंदा करते?"

मला हसू आलं, पण मी हसले नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तुझ्यासाठी होतं. माझे विद्यार्थी माझ्यासमोर रडत नाहीत. मी तशी वेळ येऊ देत नाही, असं मी नेहमी अभिमानाने सांगते. काल त्यात अभिमानासारखं काही वाटलं नाही.

मग ती म्हणाली, शेवटच्या फेरीतल्या सगळ्या साड्यांचा माग लागला आहे, एकच राहिली. ती नसीम मॅडमनी स्वतः सोडली, कुणाकडे ते सांगितलं नाही. म्हणाल्या, शोधू नको. यायची असेल तर आपण होऊन येईल.

ती साडी पलीकडच्या खोलीत कपाटावर पडली होती. मी प्रज्ञाला सोमवारी सांगते म्हटलं आणि स्टँडपर्यंत सोडायला गेले.

वाटेत परत येताना सगळा डाव लक्षात आला आणि तुझा इतका राग आला की रस्त्यातच थांबले. मी साडी पुढे दिली तर तू म्हणालीस तसंच, वैजू वस्तू फिरवते. ठेवून घेतली तरी तुझंच खरं, साडी थांबली. प्रकरण काढायला लावलं तर मी हेवेखोर. ठेवलं तर मी माझ्या सगळ्या हरकती गिळल्या. मेलीस आणि चारी वाटांवर उभी राहिलीस.

घरी येऊन रफीकला फोन लावला. सरळ विचारलं, ती वांगी साडी कुणी निवडली? त्याला लगेच आठवलं. तुला गाडीतून उतरवून गादीवर बसवावं लागलं होतं, म्हणाला. तू कितीतरी साड्या बघितल्यास आणि चांगल्या चांगल्या बाजूला सारल्यास.

"मी म्हटलं, अगं हा रंग मॅडम नेसत न्हाईत. माझ्याकडं त्यांच्या पसंतीच्या पडल्यात की ढीगभर. तर म्हनली, म्हणूनच."

"म्हणूनच?"

"तेवढंच म्हनली. मी बांधून दिली. का वं मॅडम, बदलून पायजे का? फॉल लावला नसंल तर देतो बदलून."

मी नको म्हटलं.

म्हणूनच. हे मी वर्गात शिकवते, नसीम, दर वर्षी, तिसऱ्या आठवड्यात. एखादी गोष्ट कशामुळे घडते हे बघायचं असेल तर बाकीची कारणं एकेक करून काढून टाकायची. आवडीची साडी दिली असतीस तर मी ती साडीसाठी ठेवली असती. किमतीची दिली असतीस तर किमतीसाठी. तू अशी शोधून दिलीस की ठेवायला एकच कारण उरावं. आणि ते मला विचारलं नाहीस, कारण विचारलं असतंस तर मी जपून वागले असते. माझ्या सगळ्या कामात इतका स्वच्छ प्रयोग मी एकदाही मांडला नाही. मरायला टेकलेली बाई दुकानात जाऊन गादीवर बसते आणि असला प्रयोग मांडते. हेवा वाटू नये तर काय वाटावं?

भेट की प्रयोग, हा माझा प्रश्न चुकला होता. प्रश्नावलीतल्या तिसऱ्या प्रश्नासारखा. तुला दोन्ही एकदम करता यायचं. मला एका वेळी एकच जमतं.

आत्ता आमचे हे झोपेतून उठून आले. सैन्यातून येऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून छावणीतलंच आहे. साडी बघितली, सुई बघितली, म्हणाले, "मग, हिचं परमनंट पोस्टिंग झालं म्हणायचं?" मी म्हटलं, चहा टाका.

फॉल बराच लावून झाला आहे. आतल्या टोकाशी आले तेव्हा तो पिवळा दोरा पुढ्यात आला. कात्री हाताशीच होती. माझं तत्त्व असं सांगतं की तो कापायला हवा. दिली तर पूर्ण दिली. पण तो कापला तर तू दिलेली साडी आणि मी दुकानातून आणलेली साडी यांत काही फरक उरणार नाही. तसाच ठेवला. त्याच्यावरून फॉल गेला. वरून काही दिसत नाही. बोट फिरवलं तर बारीक गाठ लागते. टाके मात्र माझे आहेत, नसीम, एकसारखे. तुझ्या हाताला असली तुरपाई कधी जमली नसती.

२० जानेवारी, सोमवार. सकाळी ती साडी नेसले. आरशात पाहिलं, रंग वाईटच दिसतो. कोरेगावची एसटी पकडली. प्रज्ञाचा तास चालू होता, मी वर्गाबाहेर उभी राहिले. ती खडूचे हात झटकत आली आणि मला बघून आधी साडीकडेच पाहिलं. तुझीच विद्यार्थिनी.

मी तिला सांगितलं की मी मार्गदर्शन करीन. साड्यांचं प्रकरण राहील. त्याच्या शेवटी माझी हरकतही राहील, संमतीबद्दलची, माझ्या नावानिशी, आणि चांगल्या मोठ्या टाइपात, तळटीपेत नाही. ती सगळ्याला हो म्हणत गेली. मग तिथंच, व्हरांड्यात, मी खालचा काठ थोडा वर करून तिचं बोट त्या गाठीवर टेकवलं. तिला कळायला क्षणभर लागला.

"शेवटची साडी," मी म्हटलं. "लिहा, थांबली. फॉल लागला."

तिने पदराने डोळे पुसले, पिशवीतून पेन काढलं, हाताशी आलेल्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावरच लिहू लागली. मग थांबली. "कारण काय लिहू, मॅडम? प्रत्येक साडीला कारण लिहिलंय आपण."

"लिहा," मी म्हटलं, "रंग आवडला नाही."

ती पेन उचलून माझ्याकडे बघत राहिली. मला साताऱ्याची गाडी धरायची होती.